औषधपाण्याचे बिल कोण भरतो?

आपल्याकडे कोणी इस्पितळात दाखल झाला, की भेटायला येणारा पहिला प्रश्न प्रकृतीचा विचारतो आणि दुसरा विचारतो, "मेडिकल आहे ना?" "आहे" असे उत्तर आले, की दोघांचाही जीव भांड्यात पडतो. परंतु हे "मेडिकल" म्हणजे नेमके काय, त्यात कोणता खर्च बसतो व कोणता बसत नाही, आणि जो बसतो तो अखेर कोणाच्या खिशातून जातो, हे विचारावे तर बहुतेक जण घुटमळतात. यात शिकलेला आणि न शिकलेला असा भेद आम्हाला तरी आढळला नाही. बँकेत काम करणारे गृहस्थही आपली पॉलिसी प्रथम उघडतात ती ऑपरेशनच्या आदल्या रात्री.

आमचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायद्याची पुस्तके आम्ही वाचली ती संघटनेच्या कचेरीत, रात्रीच्या वेळी, गरज पडली म्हणून. त्यामुळे आम्ही येथे जे मांडणार आहोत ते वकिलाचे किंवा डॉक्टरांचे मत नसून, पगाराच्या चिठ्ठ्या व इस्पितळांची बिले तीस वर्षे समोरासमोर ठेवून पाहणाऱ्या माणसाचा हिशेब आहे, असे समजावे.

प्रथम एक शब्द बाजूला ठेवू. तो शब्द म्हणजे "फुकट". कामगार म्हणतो, "आम्हाला दवाखाना फुकट आहे." विमा कंपनीचा एजंट म्हणतो, "कॅशलेस आहे, एक पैसा लागणार नाही." दोन्ही विधाने चुकीची आहेत. विमा म्हणजे पुष्कळांनी आधी थोडेथोडे जमा करावयाचे आणि त्यांतील ज्याच्यावर आजार कोसळेल त्याला त्यातून द्यावयाचे. कंपनी किंवा महामंडळ जे देते, ते आधी घेतलेल्यातूनच देते. तेव्हा बिल कोण भरतो हा प्रश्न इस्पितळाच्या काउंटरवर सुटत नाही. त्याचे उत्तर कित्येक महिने आधी, पगाराच्या चिठ्ठीवर किंवा पॉलिसीच्या कागदावर लिहिले गेलेले असते, आणि ते त्याच वेळी वाचण्यात शहाणपण आहे.

ही कल्पना कामगारांच्या बाबतीत कायद्याने प्रथम उभी राहिली ती जर्मनीत, 1883 साली, बिस्मार्कच्या अमदानीत. तेथे वर्गणीचे दोन वाटे कामगार देई व एक वाटा मालक. आपल्या देशात 1923 च्या कायद्याने कामावरच्या अपघाताची भरपाई मालकावर टाकली. पण क्षयाने खोकणाऱ्या गिरणी कामगाराचे काय? तो आजार त्याचा त्याने निस्तरावयाचा होता. 1943 साली सरकारने प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले, आणि त्यांनी 1944 साली कापड, इंजिनिअरिंग व खनिज-धातू या धंद्यांपुरती योजना सादर केली. त्यातूनच पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंनी योजनेचे उद्घाटन केले, आणि 1954 साली ती नागपूर व मुंबईस पोहोचली. हा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून, ती संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली आहे. कामगारांच्या तोंडी मात्र "ई. एस. आय." हेच नाव राहिले आहे व राहील.

आता पगाराच्या चिठ्ठीकडे वळू. ज्याचा मासिक पगार 18,000 रुपये आहे, त्याच्या चिठ्ठीवर ई. एस. आय. पुढे 135 रुपये कापलेले दिसतात. हे पाऊण टक्का झाले. चिठ्ठीवर न दिसणारा आकडा मालकाचा. तो सव्वातीन टक्के, म्हणजे 585 रुपये. मिळून 720. हे दर 1 जुलै 2019 पासूनचे आहेत. त्यापूर्वी दोघांचे मिळून साडेसहा टक्के होते. उपचारावर जो खर्च होतो त्याचा आठवा हिस्सा, ठरलेल्या मर्यादेत, राज्य सरकार सोसते. म्हणजे खिसे तीन झाले: कामगाराचा, मालकाचा आणि सरकारचा. मालकाचा हिस्सा हा मालकाचा उपकार आहे असे काही कामगारांना वाटते. आम्ही त्यांना सांगतो, बाबांनो, माणूस कामावर ठेवताना मालक त्याच्यामागे होणारा सगळा खर्च धरूनच हिशेब करतो. तेव्हा ते 585 रुपये तुमच्या श्रमाच्या मोबदल्यातलेच आहेत, फक्त तुमच्या हातात न येता दवाखान्याच्या वाटेने तुमच्याकडे येतात.

या वर्गणीत काय बसते? कामगार, त्याची पत्नी किंवा पती, मुले आणि अवलंबून असलेले आईवडील यांचे औषधोपचार. साध्या खोकल्याच्या औषधापासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत. आणि एका माणसावर किती खर्च करावा यास ठराविक रकमेची मर्यादा नाही. ही गोष्ट मोठी आहे, आणि खाजगी विम्यात ती सहसा मिळत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. आजारी माणसाचा पगार बुडतो, तो भरून निघण्याची व्यवस्था या योजनेत आहे. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात निदान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणाच्या रजेत वेतनाच्या 70 टक्के रोख मिळतात, वर्षाकाठी 91 दिवसांपर्यंत. दिवसाला 600 रुपये पडत असतील तर 420 मिळतील. पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत. क्षय, कर्करोग अशा दीर्घ मुदतीच्या 34 आजारांत, नोकरी व वर्गणीची अट पुरी होत असल्यास, 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत. कामावर अपघात झाला तर 90 टक्के, आणि तेथे 78 दिवसांची अट नाही. कामावर रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी बोट गेले तरी हक्क आहे. कामावर येताजाताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, यातच धरतात. बाळंतपणासाठी पहिल्या दोन अपत्यांपर्यंत 26 आठवडे पूर्ण वेतन.

येथे कालाचे गणित नीट समजून घ्यावे लागते. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत भरलेल्या वर्गणीचा रोख लाभ पुढच्या जानेवारी ते जून या काळात मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा जुलै ते डिसेंबरमध्ये. पेरणी आणि कापणी यांत जसे अंतर असते, तसे. म्हणून उन्हाळ्यात खाडे जास्त झाले तर त्याचा फटका पुढच्या जानेवारीत बसतो, आणि तोपर्यंत खाडे कशासाठी केले होते हे माणूस विसरलेला असतो.

एवढे सगळे मिळत असताना लोक ई. एस. आय. ला नावे का ठेवतात? कारण रांगा आहेत, औषध "बाहेरून आणा" म्हणून सांगितले जाते, आणि मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी मिळवण्यात दिवस जातो. या तक्रारी खऱ्या आहेत. त्या आम्हीही मांडत असतो. तथापि बाहेरून आणलेल्या औषधाची पावती, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, परतफेडीसाठी देता येते. आणि अत्यवस्थ स्थितीत जवळच्या खाजगी इस्पितळात न्यावे लागले, तर त्या खर्चाचीही मागणी करता येते, मात्र ती सरकारने ठरवलेल्या दराने मंजूर होते. रोख लाभासाठी विमा डॉक्टरांचा दाखला लागतो. ओळखीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद तेथे सहसा चालत नाही, आणि नेमका तोच कागद घेऊन आमच्याकडे येणारे पुष्कळ आहेत.

दुसरा घोटाळा कंत्राटदारांचा. एक कंत्राटदार 16,000 रुपये पगारातून ई. एस. आय. म्हणून 640 रुपये कापत होता. कामगारांना वाटे, कापणी होते आहे ना, मग ठीकच आहे. वस्तुतः कामगाराचा हिस्सा फक्त 120 रुपये. उरलेले 520 कंत्राटदाराने आपल्या पदरचे घालावयाचे होते. ते त्याने कामगाराच्याच ताटातून उचलले. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापण्यास कायद्याने स्पष्ट बंदी आहे, मग करारात काहीही लिहिलेले असो. हिशेब कागदावर मांडून दाखवताच सात महिन्यांचे प्रत्येकी 3,640 रुपये परत आले. आणि कंत्राटदाराने वर्गणी मुळीच भरली नाही तर? तर मुख्य मालक जबाबदार राहतो. वर्गणी न भरल्यामुळे कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळाने तो कामगारास द्यावा व मालकाकडून वसूल करावा, अशी तजवीज 1948 पासूनच आहे. आपल्या नावावर वर्गणी पडते की नाही हे आता मोबाइलवरही पाहता येते. दर तिमाहीला एकदा तरी पाहावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला तिच्याकडे येतो. ई. एस. आय. ला पगाराची मर्यादा आहे. 1948 च्या कायद्यात ती 400 रुपये होती. वाढत वाढत 1 जानेवारी 2017 पासून ती 21,000 झाली. (अपंग कामगारांसाठी 25,000.) समजा, एकाचा पगार 20,500 आहे, आणि वाटाघाटी होऊन 1,100 रुपयांची वाढ मिळाली. पगार 21,600 झाला. पेढे वाटले गेले. पण त्या दिवशी काय घडले ते पाहा. कामगाराच्या चिठ्ठीवरची 154 रुपयांची कापणी थांबली, तो खूश झाला. मालकाची 666 रुपयांची वर्गणीही थांबली, तो त्याहून खूश झाला. म्हणजे 1,100 रुपयांची वाढ मालकाला खरी पडली 434 रुपयांना! आणि कामगाराच्या घरातले पाचसहा जण, म्हातारी आई धरून, एका झटक्यात दवाखान्याबाहेर उभे राहिले. आजारपणातला 70 टक्के पगारही गेला.

म्हणून पगारवाढ नको म्हणावे काय? असा सल्ला कोणी देत असेल तर तो संघटनेत शोभणार नाही. वाढ घ्यावी, पण वाटाघाटीच्या टेबलावर हे 666 रुपये मोजून ठेवावेत. एका माणसामागे वर्षाला 7,995 रुपये मालकाचे वाचतात. पन्नास माणसे मर्यादेपलीकडे जात असतील, तर जवळजवळ चार लाख. ही रक्कम वैद्यकीय विम्यासाठी द्या, आईवडिलांसह द्या, आणि पगारवाढीच्या हिशेबात ती धरू नका, ही मागणी वाजवी आहे. करारात ती एका कलमाने लिहून घ्यावी. "मेडिकलचे बघू" असे तोंडी आश्वासन म्हणजे पाण्यावरची रेघ.

आणखी एक बारीक गोष्ट. वर्गणी-काळ सुरू झाल्यानंतर वाढ मिळाली, तर तो काळ संपेपर्यंत वर्गणी चालूच राहते आणि हक्कही. एप्रिलच्या पहिल्या तारखेनंतर पगार वाढला तर सप्टेंबरअखेरपर्यंत कापणी होणारच. ती चूक नव्हे. पुरेशा दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर त्याच्याशी जोडलेल्या लाभकालातही उपचाराचा हक्क राहतो. तेव्हा ई. एस. आय. चे कार्ड वाढ झाली म्हणून लगेच फेकून देऊ नये.

मर्यादेपलीकडे गेलेला माणूस ज्या नव्या घरात शिरतो, त्याचे नाव मेडिक्लेम. 1986 साली सरकारी विमा कंपन्यांनी या नावाची पॉलिसी काढली, आणि पुढे ते नाव सगळ्याच खाजगी आरोग्य विम्याला चिकटले. येथे पैसे देणारा मालक असेल (सामूहिक पॉलिसी) किंवा आपण स्वतः. पण या दोन घरांत एक मूलभूत फरक आहे. ई. एस. आय. आजारी माणसाला सांभाळते. मेडिक्लेम इस्पितळाच्या बिलाला सांभाळते, आणि तेही विम्याच्या रकमेपर्यंत. बुडालेला पगार सहसा नाही. रोजच्या दवाखान्याचे औषध सहसा नाही.

बिल कसे कापले जाते हे एका उदाहरणाने दाखवतो. विम्याची रक्कम तीन लाख, आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे 3,000. नातेवाइकांनी विचार केला, आजारी माणसाला जरा आराम पडावा, म्हणून 6,000 ची खोली घेतली. पाच दिवस राहिले. खोलीचे 30,000, सर्जन, ऑपरेशनची खोली, डॉक्टरांच्या भेटी व शुश्रूषा यांचे 80,000, औषधे व तपासण्या 60,000, हातमोजे, मास्क व असले किरकोळ सामान 10,000. एकूण 1,80,000. सर्वांची समजूत अशी, की खोलीच्या फरकाचे 15,000 आपल्याला पडतील, बाकी कंपनी देईल. प्रत्यक्षात खोली दुप्पट दराची घेतल्यामुळे खोलीशी निगडित धरलेली सारी बाब निम्मी होते. सर्जनच्या व इतर 80,000 पैकी कंपनी 40,000 देते. औषधे व तपासण्या पूर्ण. किरकोळ सामान अनेक पॉलिसींत शून्य. कंपनीचे झाले 1,15,000 आणि रोग्याच्या घरचे 65,000. खोलीच्या पंधरा हजारांपायी आणखी चाळीस हजार गेले. जे इस्पितळ खोलीप्रमाणे सर्जनचा दर बदलत नाही, तेथे ही प्रमाणातली कापणी करता येत नाही, असा नियम आहे. पण हे सांगायला काउंटरवर कोणी येत नाही, आपणच विचारावे लागते. म्हणून दाखल होताना दोनच प्रश्न करावेत: माझ्या पॉलिसीत खोलीची मर्यादा किती, आणि त्या दरात कोणती खोली मिळते?

सामूहिक करारात ही मर्यादा काढून टाकता येते. तसेच आईवडिलांच्या बिलात "को-पेमेंट" म्हणून दहा-वीस टक्के कामगाराच्या माथी मारले जातात की काय, ते सही करण्यापूर्वी पाहावे. सामूहिक पॉलिसीचा दुसरा दोष असा, की नोकरी गेली की ती गेली. त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते; मात्र त्यासाठी मुदत टळण्यापूर्वी अर्ज करावा लागतो.

स्वतः पॉलिसी घेणाऱ्याने प्रतीक्षाकाल समजून घ्यावा. अपघात सोडून पहिले तीस दिवस काही मिळत नाही. आधीपासून असलेल्या मधुमेह, रक्तदाब अशा आजारांसाठी कंपनीला जास्तीत जास्त तीन वर्षे थांबवता येते. 2024 पूर्वी ही मुदत चार वर्षांपर्यंत होती. आजार लपवून फॉर्म भरू नये. एजंट पुष्कळदा सांगतो, "लिहू नका, हप्ता वाढेल." हप्ता त्याचा वाढत नसतो, आणि पुढे नाकारलेले बिल तो भरत नाही. पाच वर्षे सलग पॉलिसी चालल्यावर मात्र, सिद्ध झालेली लबाडी सोडून, जुनी माहिती उकरून दावा नाकारता येत नाही. कॅशलेसची विनंती आल्यावर एका तासात, आणि घरी सोडताना अखेरच्या बिलावर तीन तासांत कंपनीने निर्णय द्यावा, असे विमा नियामकाने 2024 साली ठरवून दिले आहे.

ज्यांना मालक नाही, हप्ता परवडत नाही, अशांचे बिल कोण भरतो? राज्यात 2012 साली राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. 2017 पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे आहे. 2023 च्या निर्णयाने ती शिधापत्रिकाधारक सर्व कुटुंबांना खुली करून, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरले. येथे पैसे सरकारचे, म्हणजे काडेपेटी विकत घेतानाही कर भरणाऱ्या आपणा सर्वांचे. ठरलेले उपचार, ठरलेली इस्पितळे, ठरलेले दर. बाहेरचे काही नाही. इस्पितळात "आरोग्यमित्र" बसतो, त्याच्याकडे शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन प्रथम जावे, बिल झाल्यावर नव्हे. धर्मादाय इस्पितळांतही दहा टक्के खाटा निर्धनांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात, आणि इतर रोग्यांच्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम इस्पितळाने त्यासाठी वेगळी काढावयाची असते. हे मागितल्याशिवाय मिळत नाही.

दावा नाकारला गेला तर काय? ई. एस. आय. च्या वादासाठी कामगार विमा न्यायालय आहे. खाजगी विम्याबाबत आधी कंपनीला लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. मुंबईस व पुण्यास त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे तेथे चालतात. मात्र कंपनीचा नकार फोनवर ऐकून स्वस्थ बसू नये. तो लेखी मागावा. त्या पत्रात कोणत्या कलमाखाली नकार दिला ते लिहावे लागते. पत्र हाती आले, की पॉलिसी काढून त्या क्रमांकाचे कलम उघडावे आणि त्यात खरोखर तसे म्हटले आहे का, ते घरातल्या लिहितावाचता येणाऱ्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्यावे.